टाकीवरची रेष

आजोबांची येझदी माझ्याकडे आली तेव्हा पेट्रोलच्या टाकीवर एक आडवी रेष होती. रेषेच्या वरचं क्रोम धुरकटलेलं, पण शाबूत. खाली मात्र तपकिरी फोड. ही रेष म्हणजे 22 जुलै 2021. त्या दिवशी चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी आमच्या पडवीत इथपर्यंत चढलं होतं.

आजोबा त्याआधीच गेले होते. पूर ओसरल्यावर घरातला गाळ काढायलाच आठवडे लागले, गाडीकडे बघणार कोण? तिच्यावर ताडपत्री पडली ती पडलीच. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, हाताने काही दुरुस्त केलं असेल तर फार फार तर चार्जरची वायर. गेल्या वर्षी टेम्पोत घालून तिला पुण्याला आणलं.

ज्यांनी फक्त शोरूममधली नवी येझदी पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. प्रागमध्ये 1929 साली फ्रान्टिशेक यानेचेक नावाच्या कारखानदाराने वाँडरर या जर्मन कंपनीकडून मोटरसायकलचे हक्क घेतले. यानेचेकमधलं ‘जा’ आणि वाँडररमधलं ‘वा’, म्हणून जावा. पुढे इराणी कुटुंबाच्या आयडियल जावा कंपनीने 1961च्या सुमारास मैसूरला हीच गाडी बनवायला घेतली. 1973 पासून नाव झालं येझदी, इराणमधल्या याझ्द शहरावरून. 1996 मध्ये कारखाना बंद पडला. गिअर टाकायचा आणि किक मारायची दांडी एकच, हे या गाडीचं वैशिष्ट्य. आणि दुसरं म्हणजे क्रोम. टाकीच्या बाजू, दोन्ही सायलेन्सर, रिम, हँडल, सगळं आरशासारखं.

त्या आरशात खरं क्रोम नावापुरतंच असतं. शोभेच्या क्रोमचा थर सहसा एक मायक्रॉनही जाड नसतो. आपला केस सत्तरेक मायक्रॉनचा धरा. खरं संरक्षण त्याखालचं निकल करतं. क्रोमचं काम निकलला काळवंडू न देण्याचं आणि ती निळसर झाक देण्याचं. या थरांना बारीक छिद्रं असतात. त्यातून पाणी लोखंडापर्यंत पोचलं की गंज सुरू होतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून तो फुगतो आणि वरचा थर उचकटून टाकतो. आमच्या टाकीवर तर गाळ बसला होता. गाळ ओल सोडत नाही.

सुरुवात छोट्या भागांपासून केली. किकची दांडी, ब्रेकचं पेडल, स्टँड. बादलीत पाणी, त्यात धुण्याचा सोडा, आणि बॅटरी चार्जर. निगेटिव्ह वायर गंजलेल्या भागाला, पॉझिटिव्ह भंगारातल्या लोखंडी पट्टीला. (तिथे स्टेनलेस स्टील लावू नका. त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. आणि हा उद्योग मोकळ्या हवेत करा, कारण बुडबुडे हायड्रोजनचे असतात.) दुसऱ्या दिवशी दांडी बाहेर काढली, ब्रशने काळा चिखल पुसला, तर खाली करडं, कोरं लोखंड. कोडमधला बग सापडल्यावर इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

या नादात वाचत गेलो आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले कॉलिन फिंक आणि चार्ल्स एल्ड्रिज भेटले. मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या प्राचीन कांस्यवस्तू आतून कुजत होत्या. या दोघांनी त्या विजेच्या द्रावणात टांगून त्यांच्यावरची पुटं काढली आणि 1925 साली म्युझियमने त्यावर त्यांची पुस्तिका छापली. माझ्या बादलीतलीच युक्ती, जरा सभ्य स्वरूपात. गंमत म्हणजे त्याच वर्षांत हेच दोघं क्रोमचा मुलामा कारखान्यात भरवशाने कसा चढवायचा यावर काम करत होते. फिंकचं पेटंट 1926चं. म्हणजे जुन्यावरचा गंज उतरवायचा आणि नव्यावर चमक चढवायची, दोन्ही एकाच प्रयोगशाळेत.

पुढची पिढी मात्र या उतरवण्याबाबत सावध झाली. संवर्धकांच्या लक्षात आलं की शतकानुशतकं गंजलेल्या वस्तूचा मूळ पृष्ठभाग, त्यावरची नक्षी, कधीकधी धातूत उरलेलीच नसते, ती गंजाच्या थरात असते. थर काढला की नक्षी गेली. आता असं सरसकट सोलणं म्युझियमं टाळतात.

हे वाचलं आणि टाकीला हात लावायचं धाडस होईना. ती रेष म्हणजे आमच्या घरातली त्या दिवसाची एकमेव खूण. भिंती रंगवून झाल्या, फर्निचर बदललं. मी बाबांना फोन करून उत्साहाने सगळं सांगितलं, फिंकसकट. म्हटलं, गंज तिथल्या तिथे थांबवू, वर मेण लावू, रेष ठेवू.

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तू पुण्यात होतास. आम्ही रात्रभर माळ्यावर होतो. मला ते पाणी रोज बघायचं नाहीये.”

यावर मी काय बोलणार?

टाकी भोसरीतल्या एका प्लेटिंगच्या शेडमध्ये नेली. तिथले काका म्हणाले, आधी जुनं सगळं उतरवावं लागेल, मग पॉलिश, तांबं, निकल, शेवटी क्रोम. क्रोमच्या हौदावर पिवळसर वाफ तरंगत होती. त्या आम्लाच्या वाफेने नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडतं, हे प्लेटिंगच्या धंद्यात फार पूर्वीपासून माहीत आहे, आणि त्यातलं क्रोमियम कर्करोगही देतं. काकांच्या तोंडावर साधा रुमाल होता. मी मास्कचं विचारलं तर हसले. “चष्म्यावर वाफ धरते हो.” आमच्या घरातला पूर पुसायला हा माणूस त्या वाफेत उभा राहणार होता. तरी टाकी ठेवून आलो.

दहा दिवसांनी परत मिळाली. बाबा पुण्याला आले तेव्हा त्यांनी तिच्यावर हात फिरवला, त्यात स्वतःचे केस नीट केले, आणि आजोबा दर रविवारी राखेने हँडल घासायचे आणि आजी त्यांना ओरडायची, ते सांगितलं. राखेने क्रोमवर ओरखडे पडतात, हे मी तेव्हा बोललो नाही.

तीच रेष टूलबॉक्सच्या झाकणावरही आहे, रंगावर, जरा फिकट. झाकण अजून माझ्या कपाटात आहे. बाबांनी दोनदा विचारलंय, ते कधी रंगवायला देतोस म्हणून.