राशीतले सत्तावीस घनहात

भास्कराचार्यांच्या चरित्रात बीडचे नाव येते ते एका वादापुरते. आपले गाव विज्जडविड, ते सह्यपर्वताच्या आश्रयाने वसलेले, असे आचार्यांनी लिहून ठेवले. त्यातल्या 'विड'वरून काहींनी बीड ठरवले. इतरांना चाळीसगावजवळचे पाटण अधिक पटते, कारण आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने काढलेल्या मठाचा शके ११२८ चा शिलालेख तिथेच आहे. या वादात शिरण्यापेक्षा बीडकडच्या एखाद्या खळ्यावर जावे हे बरे. 'लीलावती' तिथेही भेटते.

ज्वारी उफणून झाली की खळ्यावर रास पडते. पायलीने मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचे. पण माप न लावता रास केवढी, हे कसे सांगावे? इ.स. ११५० च्या सुमाराच्या 'लीलावती'त त्यासाठी राशिव्यवहार हे स्वतंत्र प्रकरणच आहे. राशीचा घेर मोजावा, त्याच्या सहाव्या भागाचा वर्ग करावा आणि उंचीने गुणावे. धान्य जाडे असेल तर उंची घेराच्या दशांश, बारीक असेल तर अकरावा भाग. घेर ६० हात, तर उंची ६ आणि धान्य ६०० घनहात. हा नियम आचार्यांचा नव्हे. पाचशे वर्षे आधी ब्रह्मगुप्तानेही तो दिला होता.

रास म्हणजे शंकू. तिचे आडवे, पातळ थर कापीत गेलो, तर प्रत्येक थराचे क्षेत्रफळ शेंड्यापासूनच्या अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढते. या थरांची बेरीज तेवढ्याच तळाच्या व उंचीच्या दंडगोलाच्या तिसरा हिस्सा भरते, हे आज कलनशास्त्र दोन ओळींत दाखवते. तिसरा हिस्सा आचार्यांनाही ठाऊक होता. गोलाचे घनफळ काढताना त्यांनी त्याच्या पृष्ठावर लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकाची केंद्रापर्यंत पोहोचणारी सुई केली आणि सगळ्या सुया एकत्र केल्या. न्यूटन-लायब्निट्झच्या पाच शतके आधीची ही युक्ती. तिला कलनशास्त्र म्हणण्याची घाई करू नये; पण वाट तीच.

मौज पुढे आहे. ७ व्यासाच्या गोलाचे घनफळ याच पुस्तकात १७९ पूर्णांक १४८७/२५०० असे दिले आहे. तिथे परिधी-व्यासाचे गुणोत्तर ३९२७/१२५० घेतले. राशीच्या नियमात मात्र ते नुसते ३. नेमके घेतले तर ६०० च्या जागी ५७३ घनहात येतात. रास काही आखीव शंकू नसते, अंदाजाला एवढे चालायचेच, असे कोणी म्हणेल. ते खरे, पण फावड्याची चूक कधी इकडे, कधी तिकडे होते, ३ ची चूक नेहमी एकाच बाजूला. स्मृतींनी राजाचा वाटा सहावा सांगितला. या नियमाने रास मोजली, तर राजाला १०० घनहात जातात. शेतकऱ्याचे खरे देणे साडेपंच्याण्णव.