ठाणे खाडीतले प्लास्टिक : कारखाना, ऊन आणि भरती

नवी मुंबई वसण्याआधीच तिच्या जमिनीवर प्लास्टिक तयार होऊ लागले होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ सालची. त्यानंतर ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक कारखाने आले आणि १९६८ साली मफतलाल समूहाच्या 'नोसिल'ने येथे नाफ्थ्यापासून इथिलीन काढायला सुरुवात केली. शेजारच्या पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीजमध्ये जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीच्या सहकार्याने त्याच इथिलीनचे उच्च घनतेचे पॉलिथिन बनू लागले. या प्रकारचे प्लास्टिक भारतात प्रथम बनले ते याच खाडीकाठी. शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना त्यानंतर, १७ मार्च १९७० रोजी झाली.

त्या वेळी हा प्रदेश भातखाचरांचा, मिठागरांचा आणि मासेमारीचा होता. दिवाळे, सारसोळे, करावे या आगरी-कोळी गावांतली सुती आणि तागाची जाळी हळूहळू जाऊन नायलॉनची आली. ही जाळी कुजत नव्हती, वजनाला हलकी होती आणि तिची निगा फारशी राखावी लागत नव्हती. कोळ्यांनी ती आनंदाने स्वीकारली, आणि त्यात नवल नाही. ज्या गुणासाठी ती घेतली, तोच पुढे नडला. भरती-ओहोटीच्या ओढीवर लावलेल्या डोल जाळ्यात मासळीबरोबर पिशव्या येऊ लागल्या. मासळी वेगळी करण्याआधी कचरा निवडणे हे कामच होऊन बसले.

प्लास्टिक कुजत नसले तरी उन्हात ते टिकतेच असे नाही. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी साधारण २९० ते ४०० नॅनोमीटर लांबीच्या लहरी जमिनीपर्यंत पोहोचतात. शुद्ध पॉलिथिन त्या फारशा शोषत नाही. मात्र कारखान्यातल्या उष्णतेत त्यात शिरलेले ऑक्सिजनयुक्त गट आणि उत्प्रेरकाचे अवशेष त्या शोषतात. तेथून रेणूंच्या लांब साखळ्या तुटू लागतात, हवेतला ऑक्सिजन तुटलेल्या टोकांना चिकटतो आणि क्रिया पुढे पसरत जाते. लवचीक पिशवी कडक होते, मग तिला तडे जातात, शेवटी तिचा चुरा होतो. थर्मोकोल म्हणजे पॉलिस्टायरीन. त्यातली बेंझिनची कडी हे किरण थेट शोषते, म्हणून गणपतीच्या मखराचा उघड्यावर टाकलेला तुकडा लवकर पिवळा पडतो. पाण्याच्या टाक्यांमध्ये काजळी मिसळलेली असते ती किरण अडवण्यासाठीच.

नवी मुंबईच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा माथ्यावर येतो : मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस. जुलैत ढग आड येतात. मे महिन्याचे ऊन मात्र थेट पडते. ओहोटीच्या वेळी उघड्या चिखलावर पडलेल्या पिशवीला किरणही मिळतात, उष्णताही आणि ऑक्सिजनही. हीच पिशवी तिवराच्या दाट सावलीत श्वसनमुळांमध्ये अडकली किंवा गाळाखाली गेली, तर किरण पोहोचत नाहीत आणि ती वर्षानुवर्षे जशीच्या तशी राहते. खाडी प्लास्टिक एकीकडे साठवते आणि दुसरीकडे दळते.

या चुऱ्याचे पुढे काय होते, याकडे विज्ञानाचे लक्ष उशिरा गेले. सारगासो समुद्रात तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या कणांची नोंद १९७२ साली झाली होती; 'मायक्रोप्लास्टिक' हा शब्द रूढ झाला तो २००४ साली ब्रिटिश संशोधक रिचर्ड थॉम्पसन यांच्या निबंधानंतर. हवाई विद्यापीठात साराह-जीन रॉयर आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली आणखी एक गोष्ट दाखवली : उन्हात जीर्ण होणारे प्लास्टिक मिथेन आणि इथिलीन सोडते, आणि सर्वाधिक सोडते ते पॉलिथिन. तुकडे जितके बारीक, तितका उघडा पृष्ठभाग जास्त आणि वायूही जास्त. जगाच्या एकूण उत्सर्जनात हा वाटा अगदी लहान आहे. तरी ज्या इथिलीनसाठी या खाडीकाठी कारखाने उभे राहिले, तोच वायू टाकलेल्या पिशवीतून पुन्हा हवेत जातो, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे.

कायद्याला जाग आली ती पुरामुळे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. नाले तुंबण्याला पिशव्यांनी हातभार लावल्याचे सर्वांनी पाहिले. राज्याने २००६ मध्ये ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आणली. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने बंदी बरीच व्यापक केली आणि थर्मोकोलची ताटे-वाट्याही तिच्या कक्षेत आणल्या. केंद्राने २०२२ च्या अखेरीपासून पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन केली. जाड पिशवीला भंगारात भाव मिळतो, म्हणून ती उचलली जाते, हा त्यामागचा विचार योग्यच आहे. पण न उचललेली जाड पिशवी उन्हात तुटायला जास्त वेळ घेते.

हवामान बदलाने या व्यवहाराची दोन्ही टोके ताणली आहेत. तापमान चढले की ऑक्सिडीकरणाचा वेग वाढतो, म्हणजे चुरा लवकर होतो. पाऊसही पूर्वीसारखा राहिलेला नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली आहे, म्हणून सिडकोने डच धर्तीवर होल्डिंग पाँड बांधले : भरतीला झडपा बंद, ओहोटीला उघड्या. अतिवृष्टी आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाणी तुंबते, आणि ओसरताना उन्हाळाभर ठिसूळ झालेला कचरा खाडीत नेते.

खाडीचा १६.९ चौरस किलोमीटर भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ. स्वच्छ सर्वेक्षणात शहराचा क्रमांक वर असतो. खाडीला मात्र मुंबई आणि ठाण्याचे नालेही मिळतात. जाडीचे नियम नव्या पिशव्यांपुरते आहेत, तिवरांत आधीच अडकलेल्या मालाला ते लागू पडत नाहीत. चुरा चिखलातून वेगळा काढता येत नाही. उचलता येते ते अखंड प्लास्टिक, म्हणून खारफुटीची सफाई पावसाळ्यानंतर लगेच, मेचे ऊन तापण्याआधी व्हायला हवी.