सरहद्दीवरची डबलसीट

सीमाभागातल्या माणसाला ‘बॉर्डर’ या शब्दाची फोड करून सांगावी लागत नाही. हाच इंग्रजी शब्द आफ्रिकेत सायकलीच्या कॅरिअरवर बसला आणि एका धंद्याचे नाव होऊन गेला, त्याची ही हकिकत.

युगांडा आणि केनिया यांच्या हद्दीवर बुसिया आहे. नाव एकच, मधून सरहद्द. १९०२ साली इंग्रजांनी युगांडाचा पूर्वेकडचा प्रांत शेजारच्या, पुढे केनिया झालेल्या मुलखाला जोडून टाकला. तेसो, सामिया लोक दोन्हीकडे विभागले गेले. नकाशावर रेघ ओढणाऱ्याला कुणाची आत्या पलीकडे राहिली याची पर्वा कधी असते?

दोन्ही देश स्वतंत्र झाले. बुसियाच्या दोन नाक्यांमधले अंतर अर्ध्या मैलाहून अधिक. मोटार न्यायची तर कागदपत्रांची दगदग. सायकलीला ती नव्हती. १९६० नंतरच्या दशकात तिथल्या पोरांनी हे अचूक हेरले. कॅरिअरवर गादी बांधली, उतारू डबलसीट घेतला आणि ‘बॉर्डर-बॉर्डर’ अशी हाळी सुरू झाली. बोलता बोलता तिचे ‘बोडा-बोडा’ झाले. या धंद्याचा जनक म्हणून कुणा एकाचे नाव घेता येत नाही.

जोर चढला तो इदी अमीनच्या काळात. १९७२ मध्ये त्याने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला. त्यांत आपले गुजराती पुष्कळ. त्यांची दुकाने, कारखाने मर्जीतल्या माणसांच्या हाती गेले आणि बसले. साबण, मीठ, साखर मिळेना. पुढे १९७५ साली ब्राझीलमध्ये हिमकडा पडून जगभर कॉफी महागली, पण युगांडाच्या शेतकऱ्याला सरकार जेमतेम भाव देई. मग कॉफी चोरवाटांनी केनियात जाऊ लागली, येताना जिन्नस येऊ लागले. याला तिकडे ‘मगेंडो’ म्हणत. सायकलवालेही त्यात होतेच. हा चोरटा व्यापार खरा. पण ज्याच्या घरात मीठ नाही त्याला हा शब्द ऐकवायला माझी तरी जीभ रेटत नाही.

धंदा मग गावोगावी पसरला. सायकली पुष्कळदा भारतातून गेलेल्या, आपल्याकडे दूधवाले वापरत तसल्याच काळ्या, दणकट. मात्र पायडल मारणारा बहुधा मालक नसे. रोजचे भाडे मालकाला देऊन उरेल ते त्याचे. त्यातून शिल्लक टाकून स्वतःची सायकल घ्यायची, ही त्याची धडपड. अड्ड्याअड्ड्यावर संघटना झाल्या. प्रवेश फी, वर्गणी, आजारी गड्याला मदत.

१९९० नंतर मोटारसायकली आल्या आणि शहरांतून सायकल मागे पडली. बुसियाला २०१८ पासून दोन्ही देशांची तपासणी एकाच ठिकाणी होते. आणि सरहद्दीपासून दोनशे किलोमीटरवर, कंपालाच्या चौकात, मोटारसायकलवाला आजही उतारूला हाक घालतो ती ‘बोडा’ अशीच.