‘अ‍ॅडमिरल’ आणि ‘सरखेल’

नांदुरा वऱ्हाडांत; तेथून समुद्र शेंकडों मैल दूर. तेथें आरमारी शब्दांची चौकशी कशाला, असें श्रोत्यांस वाटेल. परंतु ‘अ‍ॅडमिरल’ हा शब्द मुळांत समुद्राचा नाहींच. अरबींत ‘अमीर’ म्हणजे हुकूम चालविणारा. ‘उमराव’ हें त्याचेंच अनेकवचन. ‘अमीर-अल’ म्हणजे ‘अमुकाचा अधिपति’. बाराव्या शतकांत सिसिलीच्या नॉर्मन राजांनीं हा किताब आरमाराच्या प्रमुखास दिला. पुढें ‘वाखाणणें’ या अर्थाच्या लॅटिन धातूशीं गल्लत होऊन मध्यें ‘ड’ शिरला.

आपल्याकडेंही तसेंच घडलें. ‘सर’ म्हणजे मुख्य, ‘खैल’ म्हणजे घोडेस्वारांचा जथा. ही घोडदळाची पदवी गलबतावर चढली आणि कान्होजी आंग्रे ‘सरखेल’ म्हणून गाजले. इ. स. १७१३ च्या सुमारास शाहू छत्रपतींनीं त्यांची सरखेली मान्य केली. १७२९ सालीं निधन होईपर्यंत कोंकणकिनाऱ्यावर त्यांचा दरारा राहिला.

इंग्रजांनीं मात्र त्यांस चांचे ठरविलें. पण चांच्यास दरबारची पदवी कोण देतो? अ‍ॅडमिरल आपल्या राजाचा, तसा सरखेल आपल्या छत्रपतींचा. दोन्ही शब्द जमिनीवरूनच दर्यावर गेले. मान मात्र एकासच मिळाला.