भाषा निवडणारे आणि भाषा निभावणारे

घर बांधतांना मालक दगड-विटांची कसून चौकशी करतो. परंतु वीस वर्षांनीं छप्पर गळूं लागल्यावर तें शाकारणारा कोठून मिळेल, ही चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. संगणकाच्या जगांतहि असेंच घडत आलें आहे. आपण एखादें संकेतस्थळ उघडतों तेव्हां दूरच्या सर्व्हरवर आज्ञांची एक लांबलचक मालिका चालूं होते. त्या आज्ञा कोणत्या भाषेंत लिहाव्या, आणि त्यांसाठीं कोणती तयार चौकट, म्हणजे फ्रेमवर्क, घ्यावी, हा निर्णय बहुधा दोन-चार तरुण एका खोलींत बसून घेतात. त्याचीं फळें मात्र भलत्यांसच भोगावीं लागतात.

ह्याचे दोन दाखले मोठे बोधप्रद आहेत. १९९५ सालीं अमेरिकेंत पॉल ग्रॅहॅम आणि रॉबर्ट मॉरिस यांनीं व्हायावेब नांवाची कंपनी काढली. दुकानदारास इंटरनेटवर आपलें दुकान मांडतां यावें, अशी सोय ती करून देई. हें दुकान मांडण्याचें साधन त्यांनीं लिस्प भाषेंत लिहिलें. जॉन मॅकार्थी यांनीं १९५८ सालीं जन्मास घातलेली ही भाषा धंदेवाईक मंडळी तेव्हां फारशी हातीं धरीत नसत. परंतु प्रतिस्पर्ध्यानें एखादी नवी सोय केली, कीं ती एक-दोन दिवसांत आपणांसहि करतां येई, असें ग्रॅहॅम यांनीं २००१ सालच्या आपल्या निबंधांत अभिमानानें नमूद केलें आहे. १९९८ सालीं याहूनें ही कंपनी विकत घेतली. आणि २००३ च्या आरंभीं त्याच साधनाची नवी आवृत्ति निघाली ती सी-प्लस-प्लस व पर्ल ह्या भाषांत! मग मूळची निवड चुकली होती काय? निवडणाऱ्यांपुरती ती मुळींच चुकली नव्हती. पण लिस्प जाणणारे थोडे. कर्त्यांचें सामर्थ्य वारसांस पेलेल, ही हमी कोणतीच भाषा देत नाहीं.

पीएचपीची कथा अगदीं उलट आहे. रास्मुस लेर्डोर्फ यांनीं १९९४ सालीं स्वतःच्या पानासाठीं कांहीं लहान साधनें केलीं आणि पुढच्या वर्षीं तीं लोकांस खुलीं केलीं. नवी भाषा निर्मावी असा त्यांचा संकल्पच नव्हता. म्हणून तिच्या आज्ञांच्या नांवांतसुद्धां एकसूत्रीपणा राहिला नाहीं, आणि जाणत्यांनीं तिची यथेच्छ थट्टा केली. पण शिकावयास सोपी नि चालवावयास स्वस्त, म्हणून ती सर्वत्र पोंचली. २००४ सालीं फेसबुक उभें राहिलें तें तिच्यावरच. पुढें भार असह्य झाला, तेव्हां सारें नव्यानें लिहिणें दुरापास्त होतें. म्हणून कंपनीनें भाषेचीच डागडुजी आरंभिली. पीएचपीचें सी-प्लस-प्लसमध्यें रूपांतर करणारें हिपहॉप २०१० सालीं, आणि तिच्यापासून निघालेली हॅक ही भाषा २०१४ सालीं प्रसिद्ध झाली.

चौकटींचा इतिहासहि ह्याहून निराळा नाहीं. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनीं २००४ सालीं खुली केलेली रूबी ऑन रेल्स ही चौकट घेऊन २००६ सालीं ट्विटर झटपट उभें राहिलें. गर्दी उसळल्यावर मात्र त्याचा बराचसा भाग हळूहळू स्काला व जावा यांकडे न्यावा लागला. जें आरंभास अनुकूल, तें विस्तारासहि अनुकूल असतेंच असें नाहीं.

तेव्हां उत्तम भाषा कोणती, हा प्रश्नच अपुरा आहे. काम किती काळ चालावयाचें, आणि मागाहून तें निस्तरणार कोण, हेंहि विचारलें पाहिजे. फेसबुकापाशीं भाषाच बदलून घेण्याइतकें द्रव्य व मनुष्यबळ होतें. लहानशा कारखान्यापाशीं किंवा पतपेढीपाशीं तें कोठून असणार? आपल्या घरांतील कित्येक मुलें-मुली आज ह्याच व्यवसायांत आहेत, आणि दुसऱ्यानें रचलेलें समजून घेऊन दुरुस्त करण्यांत त्यांच्या रात्री जातात. निवडणाऱ्यानें आपल्या हौसेबरोबर त्या न पाहिलेल्या वारसाचाहि क्षणभर विचार केला, तर त्या जाग्रणांपैकीं कांहीं तरी खास वांचतील.