परसातील कोंबडीचे अंडे अडकल्यास काय करावे

नेहमी अंड्यावर असलेली कोंबडी सकाळपासून डालग्यात जाते, बसते, उठते, पुन्हा जाते. पण अंडे येत नाही. दुपारपर्यंत ती पिसे फुगवून कोपऱ्यात उभी राहते. शेपूट खाली, छाती वर, जवळजवळ सरळ उभी. शेपटीजवळचा भाग थांबून थांबून खालीवर होतो, कारण ती कळा देत असते. दाणे टाकले तरी येत नाही. विष्ठा पातळ, थोडी किंवा अजिबात होत नाही. तुरा फिका पडतो. अशी कोंबडी दिसली की अंडे अडकल्याचा संशय घ्यावा आणि उद्यापर्यंत वाट पाहू नये. अडकलेले अंडे मूत्रपिंडावर व पायाकडे जाणाऱ्या नसांवर दाब देते. त्यामुळे कोंबडी लंगडते, नंतर बसून राहते. मदत न मिळाल्यास एक-दोन दिवसांत दगावू शकते.

पाच-दहा कोंबड्यांच्या परसात एक कोंबडी जाणे म्हणजे घरातल्या बाईच्या हातातला आठवड्याचा बाजार कमी होणे. त्यातले बरेच नुकसान टळण्यासारखे असते. पुष्कळदा कोंबडी अडकलेल्या अंड्यामुळे नव्हे, तर ते ओढून काढण्याच्या घाईने मरते.

आधी खात्री करावी

खुडूक कोंबडीही डालगे सोडत नाही. पण ती अंगावर येते, चोच मारते, गुरगुरते आणि उठवल्यावर दाणे खाते. अडकलेल्या अंड्याची कोंबडी सुस्त असते. गावात सकाळी कोंबडी चाचपून आज अंडे येणार की नाही ते पाहण्याची पद्धत आहेच. तोच हात येथे उपयोगी पडतो. कोंबडी काखेत धरून गुदद्वाराच्या खाली, दोन हाडांच्या मध्ये पोट बोटांनी अगदी हलके तपासावे. टणक गोळा लागला तर अंडे तेथेच आहे. मऊ कवचाचे अंडे असे हाताला लागत नाही, म्हणून गोळा नाही एवढ्यावरून निर्धास्त होऊ नये. पोट पाण्याने भरल्यासारखे थुलथुलीत लागत असेल, तर पिवळा बलक पोटात उतरून सूज आल्याची शक्यता असते. त्यावर घरगुती इलाज नाही.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. अंडे एका वेळी एका कोंबडीचे अडकते. दोन-चार कोंबड्या एकदम सुस्त झाल्या, तुरे निळसर पडले, मरतूक सुरू झाली, तर तो हा विकार नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातील मुरुंबा येथे झालेल्या मरतुकीचे कारण बर्ड फ्लू असल्याचे तपासणीत स्पष्ट झाले होते. अशा वेळी पक्ष्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

पहिले काही तास

कोंबडी कळपातून वेगळी करावी. इतर कोंबड्या तिच्या गुदद्वाराला चोची मारतात. बादलीत किंवा घमेल्यात कोमट पाणी घ्यावे. हाताच्या कोपराला सुखद वाटेल इतकेच, म्हणजे ३८ ते ४० अंश सेल्सिअस. गुदद्वार व पोटाचा खालचा भाग बुडेल असे तिला १५ ते २० मिनिटे धरावे. पाणी थंड झाले की थोडे गरम पाणी मिसळावे. सुरुवातीला ती फडफडते, मग शांत होते. उबेने स्नायू सैल होतात, हाच या उपायाचा हेतू आहे.

नंतर कोरड्या कापडाने पुसून गुदद्वाराच्या कडेला खोबरेल तेल किंवा औषध दुकानातील लिक्विड पॅराफिन लावावे. हात साबणाने धुतलेले असावेत व शक्यतो हातमोजे घालावेत. मऊ गवत घातलेल्या खोक्यात, अंधाऱ्या व शांत जागी ठेवावे. थंडीत ऊब द्यावी. उन्हाळ्यात मात्र हवा खेळती हवी, पत्र्याखाली ठेवू नये. पिण्यास गूळपाणी किंवा इलेक्ट्रोलाइटचे पाणी द्यावे. ती स्वतःहून गिळत असेल तरच चोचीच्या कडेने कॅल्शियमचे औषध थेंब थेंब पाजावे. मात्रा पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावी. अनेक कोंबड्या काही तासांत अंडे टाकतात. गरज वाटल्यास शेक पुन्हा द्यावा.

अंडे गुदद्वाराशी दिसत असेल तर तेल लावून वाट पाहावी. अंड्यासोबत लालसर मांस बाहेर आले असेल, तर ते स्वच्छ पाण्याने धुऊन ओले ठेवावे आणि लगेच दवाखाना गाठावा. सायंकाळपर्यंत सुधारणा नसेल, पाय लुळे पडले असतील किंवा रक्त दिसत असेल, तरीही तेच करावे. टोल फ्री क्रमांक १९६२ वर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते. परभणी शहराजवळच्या गावांना पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखानाही जवळ आहे. पशुवैद्यक कॅल्शियमचे इंजेक्शन देतात किंवा सुईने अंड्यातील द्रव काढून ते लहान करतात. हे काम त्यांचेच.

हे करू नये

पोट दाबून अंडे पुढे ढकलू नये. बोट किंवा काडी घालून अंडे फोडू नये. कवचाच्या धारदार तुकड्यांनी अंडनलिका चिरते आणि आत पू होतो. म्हशीला पान्हा सोडण्यासाठी वापरले जाणारे इंजेक्शन कोंबडीला टोचण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो धोकादायक आहे. वाट मोकळी नसताना अंडनलिका जोराने आवळली तर ती फाटते.

अंडे का अडकते

एक अंडे तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात. त्यातले सुमारे २० तास कवचासाठी जातात. गावरान अंडे ४० ते ४५ ग्रॅमचे असते आणि त्याच्या कवचात सुमारे दीड ग्रॅम कॅल्शियम असते. आता आपल्या दाण्याचा हिशेब पाहा. १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम असते. म्हणजे केवळ ज्वारी खाणारी कोंबडी आपल्या हाडांतून कवच बनवते. अंडे बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही कॅल्शियमच लागते. ते कमी पडले की कवच खरबरीत व मऊ होते आणि कळांना जोर राहत नाही.

मोकळी फिरणारी कोंबडी किडे, गोगलगाय, हिरवा पाला खाते, आपल्या काळ्या जमिनीतले चुनखडीचे बारीक खडेही टिपते. पेरणीनंतर रोपे उकरू नयेत म्हणून तिला कोंडले की हे सगळे एकदम बंद होते. अंधाऱ्या खुराड्यात ऊन मिळत नाही, त्यामुळे ड जीवनसत्त्वही कमी पडते. एप्रिल-मे मध्ये परभणीचे तापमान चाळिशीपार जाते तेव्हा कोंबडी धापा टाकते, खाणे कमी करते आणि कवच पातळ पडते. पहिल्यांदाच अंड्यावर आलेल्या तलंगांत, वयस्क कोंबड्यांत आणि चरबी चढलेल्या गिरिराज, वनराज यांसारख्या जड पक्ष्यांत धोका अधिक. या जातींना वाढीच्या काळात ब्रॉयलरचे खाद्य भरपूर घातले की त्या देखण्या होतात, पण अंड्याला अडतात.

चुन्याची निवळी पाजण्याची आपल्याकडे सवय आहे. वाईट नाही, पण पुरेशी नाही. एक लिटर निवळीत जास्तीत जास्त एक ग्रॅमच्या आत कॅल्शियम विरघळते आणि कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. विड्याचा चुना तसाच चारणे तर टाळावेच; तोंड व अन्ननलिका भाजते. त्यापेक्षा शिंपल्यांची भरड किंवा घरातील अंड्यांची कवचे तव्यावर कोरडी भाजून, गव्हाच्या दाण्याएवढी कुटून वेगळ्या वाटीत ठेवावीत. सायंकाळी कोंडण्याआधी ठेवणे उत्तम, कारण कवच मुख्यतः रात्री तयार होते. दाण्यात मिसळू नये. अंड्यावरची कोंबडी गरजेपुरते टिपते, पण पिलांना व नरांना जास्तीचे कॅल्शियम बाधते.

अंडे पडल्यानंतर

अंडनलिका सुजलेली असते, म्हणून लगेच दुसरे अंडे येऊ नये हे बरे. आठवडाभर कोंबडीला दुपारी लवकर झाकून प्रकाश आठ तासांपर्यंत कमी करावा. अंडी घालणे थांबते. मात्र उन्हाळ्यात झाकताना हवा अडणार नाही असे पाहावे. औषधे दिली असल्यास अंडी किती दिवस खाऊ नयेत हे पशुवैद्यकांना विचारावे. ज्या कोंबडीचे अंडे पुन्हा पुन्हा अडकते, तिची अंडी उबवणीला ठेवू नयेत.