दट्ट्या, वाटी आणि मोट

मराठी शालेय विज्ञानाने 'पिस्टन'साठी 'दट्ट्या' हा शब्द दिला. शब्द नेटका आहे. दाटून बसणारा, आतले अवकाश व्यापणारा असा त्याचा ध्वनी आहे, आणि यंत्रातले त्याचे कामही तेच. परंतु गावच्या हापशावर पाणी भरणाऱ्या बाईच्या तोंडी हा शब्द कधी आला नाही. तिच्या लेखी हापसा 'उतरतो', 'पाणी सोडतो', 'कोरडा हालतो'. या तक्रारींमागे बहुतेक वेळा जमिनीखाली तीस-चाळीस मीटरवर बसलेली चामड्याची एक वाटी झिजलेली असे. त्या वाटीचा इतिहास मराठीत लिहावा असे आम्हाला वाटले, कारण त्यातला एक निर्णायक अध्याय जालना आणि सोलापूर येथे घडलेला आहे, आणि आपल्या दुष्काळविषयक लेखनात त्याचा उल्लेख फारसा आढळत नाही.

दट्ट्याचा पंप जुना आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियाचा तेसिबिअस हा त्याचा कर्ता मानला जातो. रोमन वास्तुकार व्हित्रुव्हिअस याने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात या पंपाचे वर्णन करताना दट्टे कातावर घोटून गुळगुळीत करावेत आणि त्यांना तेल चोळावे, असे नमूद केले आहे. म्हणजे धातूवर धातू घासायचा आणि फटीतून पाणी निसटू नये यासाठी कारागिराच्या हातावर विसंबायचे. सोळाव्या शतकात जर्मन खाणींतील पाणी उपसण्याचे वर्णन करणाऱ्या अॅग्रिकोलाच्या १५५६ मधील ग्रंथात मात्र दट्ट्याला चामडे लागलेले दिसते. चामडे ओले झाले की फुगते आणि नळीच्या ओबडधोबड अंगाशी जुळवून घेते. नळी अचूक घडवणे ज्या काळात दुष्कर होते, त्या काळाची ही तडजोड होती. पुढे जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. त्यातील गळती थांबवणाऱ्या चामडी कड्याचे श्रेय परंपरेने त्याचा साहाय्यक हेन्री मॉड्स्ले याला दिले जाते. वाटीसारख्या वाकवलेल्या चामड्याची कड पाण्याच्या दाबानेच बाहेर ढकलली जाते आणि नळीला चिकटते. दाब जितका अधिक तितकी पकड घट्ट. हे तत्त्व हापशातही आहे. दट्ट्या वर येताना त्याच्यावरच्या पाण्याचा भार वाटीची कड नळीवर दाबतो, खाली जाताना तो भार उतरतो, कड सैलावते आणि झडपेतून पाणी वरच्या बाजूस येते.

येथे एक भाषिक योग नोंदवण्याजोगा आहे. अशा झडपेच्या दट्ट्याला इंग्रजी कारागीर 'बकेट' म्हणत, आणि हातपंपाच्या चामडी वाटीलाही आपल्याकडच्या बाजारात 'बकेट वॉशर' हेच नाव आहे. बकेट म्हणजे बादली, आणि ते नाव यथार्थ आहे: हा दट्ट्या म्हणजे तळ उघडझाप करणारी एक बादलीच आहे. ती रिकामी खाली जाते, भरून वर येते. मग आपल्या मोटेचे हे निकटचे नातलग ठरते. मोटही चामड्याची, तीही रिकामी उतरणारी आणि भरून चढणारी. ('मोट बांधणे' या वाक्प्रचारातली मोट निराळी, ती गाठोड्याची.) फरक इतकाच की मोट थारोळ्यात रिती होण्यासाठी विहिरीच्या तोंडापर्यंत यावी लागते, आणि दट्ट्या आपली बादली केवळ वीतभर उचलतो, पण वरचा सगळा पाण्याचा स्तंभ त्याच्याबरोबर तितकाच सरकतो. मोट शिवणारे ढोर आणि चांभार हे गावगाड्यातले होते. मोट फाटली तर कोणाच्या दारी जायचे हे प्रत्येक कुणब्याला ठाऊक होते. हापशाची वाटी झिजली तर कोठे जायचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

आणि ती फार लवकर झिजत होती. १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळानंतर युनिसेफच्या साहाय्याने कठीण खडकात विंधनविहिरी घेण्याचे काम वेगाने सुरू झाले. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली ती १९७२ मध्ये, मोठ्या दुष्काळाच्याच वर्षी. छिद्रे पडत गेली, पण त्यांवर बसवलेले बिडाचे पंप हे युरोप-अमेरिकेतील शेतघरांच्या पंपांच्या नकला होत्या. एका कुटुंबाने दिवसातून काही वेळा हलवावा असा तो पंप, आणि येथे त्याच्यापुढे अख्खे गाव. १९७० च्या दशकाच्या मध्यास झालेल्या पाहणीत असे सुमारे तीन चतुर्थांश पंप बंद आढळले. पाण्यासाठी लक्षावधी रुपये जमिनीत गेले होते आणि पाणी जमिनीतच राहिले होते.

हा भार म्हणजे नेमके काय, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सरकारी मानक एका हातपंपामागे अडीचशे माणसे आणि माणशी दररोज ४० लिटर पाणी असे होते. म्हणजे दिवसाला १०,००० लिटर. पुढे प्रमाणित झालेल्या पंपाची नळी ६३.५ मिलिमीटर व्यासाची आणि दट्ट्याची हालचाल १२५ मिलिमीटरची. एका हिसक्याला जेमतेम ०.४ लिटर पाणी. म्हणजे दिवसाला २५,००० हिसके. वाटी प्रत्येक हिसक्याला वर-खाली मिळून पाव मीटर घासते. दिवसाला सव्वासहा किलोमीटर, वर्षाला दोन हजारांहून अधिक. शिवाय पाण्यात बारीक वाळू असते. पाणी ३० मीटरवर असेल तर दट्ट्यावर सुमारे ९५ किलोंचा भार, लोखंडी गजांचे वजन वेगळेच. हा हिशेब अर्थात कागदावरचा, पण उन्हाळ्यात चार गावांत एकच हापसा चालू असे तेव्हा वस्तुस्थिती कागदाच्या पुढेच असणार.

सुधारणेची सुरुवात दट्ट्यापासून झाली नाही, आणि हेच या कथेतले उद्बोधक अंग आहे. जालन्यातील मिशनच्या विंधनविहिरींच्या कामातून पोलादाचा, एकाच खिळीवर फिरणाऱ्या दांड्याचा पंप १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आकाराला आला. सोलापुरात त्यात भर पडली. इंग्रजी दस्तऐवजांत तो अजून 'शोलापूर पंप' याच नावाने नांदतो. जुन्या पंपात दांडा वळताना गजाला तिरपे ढकलत असे. गज तिरपा, म्हणून दट्ट्याही एका अंगाने घासे आणि वाटी एकाच बाजूने झिजे. नव्या रचनेत दांड्याच्या टोकाशी वर्तुळखंड आणि त्यावरून जाणारी साखळी आली. साखळी ढकलू शकत नाही, फक्त ओढू शकते, आणि ओढते ती सरळ रेषेत. खाली जाण्याचे काम गजांच्या वजनावर सोडून दिलेले. दुखणे तळाशी, औषध माथ्याशी. आम्हाला तर ही युक्ती या सगळ्या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. तिला मर्यादाही आहे: विहीर उथळ असेल तर गजांचे वजन अपुरे पडते, आणि वाटी जरा घट्ट झाली की दट्ट्या मध्येच अडून साखळी सैल पडते.

या सोलापुरी पंपाचा पाया घेऊन भारत सरकार, युनिसेफ आणि मद्रासची सरकारी मालकीची रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांनी 'इंडिया मार्क टू' सिद्ध केला. त्याचे भारतीय मानक १९७९ मध्ये आले. त्यावर कोणाचे पेटंट नव्हते, म्हणून तो आफ्रिकेपर्यंत गेला. बिडाच्या नळीला आतून पितळी अस्तर, ब्राँझचा दट्ट्या, त्यावर चामड्याच्या दोन वाट्या. माथा आता वर्षानुवर्षे टिकू लागला. आणि माथा टिकू लागल्यावर वाटीचा दुबळेपणा उघडा पडला. चामड्याचा दर्जा दर गठ्ठ्यागणिक बदले, कमावणे कच्चे असले तर ते कुजे, पाण्याबाहेर राहिले तर ताठरे. काही रुपयांची ती वस्तू बदलण्यासाठी मात्र सगळी नळवाट वर काढावी लागे. ३० मीटरचा लोखंडी नळच क्विंटलभर. त्यासाठी खास अवजारे, गाडी, चार-पाच माणसांचे पथक. ते तालुक्याहून यायचे. कधी यायचे, हा प्रश्न आपल्या प्रशासनाचे स्वरूप जाणणाऱ्यांना समजावून सांगायला नको.

कोइमतूर परिसरात १९८३ पासून काही वर्षे जे प्रत्यक्ष वापरातले परीक्षण झाले, त्यातून दोन बदल निघाले. पहिला द्रव्याचा: चामड्याच्या जागी नायट्राइल रबराची वाटी. ती फुगत नाही, कुजत नाही, साच्यातून प्रत्येक वेळी सारखीच निघते, आणि कोइमतूरच्या पंपांवर ती चामड्यापेक्षा पुष्कळ अधिक टिकली. शतकानुशतके आपल्या ओबडधोबडपणाशी जुळवून घेणारे चामडे, नळी अचूक झाल्यावर अनावश्यक ठरले. दुसरा बदल रचनेचा: नळीचे वरचे तोंड उघडे ठेवून नळवाट ६५ मिलिमीटरची केली, म्हणजे दट्ट्या आणि खालची झडप गजांबरोबर वर ओढून काढता येतात आणि नळ जागेवरच राहतो. हा 'मार्क थ्री'. त्याचे मानक १९९१ चे.

पहिला बदल कारागिराला दिलासा देणारा होता, दुसरा सत्तेचे स्थान हलवणारा. गाडी आणि पथक लागत नसेल तर वाटी बदलणारे हात गावातलेच असू शकतात. कोणाचे? उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात महिला समाख्या कार्यक्रमाने १९९० च्या दशकाच्या आरंभी स्त्रियांना हातपंप दुरुस्ती शिकवली. त्यांत दलित आणि कोल स्त्रिया होत्या. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. ज्यांच्या स्पर्शाने तळे बाटते असे सांगितले गेले, त्यांचेच कातडे कमावण्याचे कसब नंतर पाऊण शतकाच्या आत साऱ्या गावाच्या पिण्याच्या पाण्यात, नळीच्या तळाशी, कोणाला न दिसता बसलेले होते. चामडे दिसत नव्हते म्हणून विटाळ नव्हता. बाई पान्हा घेऊन चौथऱ्यावर चढली की ती मात्र दिसत होती.

मार्क थ्री अपेक्षेइतका पसरला नाही. रुंद नळाला लोखंड अधिक लागते, तो महाग पडतो, आणि हातपंपांची निविदा बसवण्याच्या खर्चावर ठरे, दुरुस्तीच्या नव्हे. देशातल्या बहुसंख्य हापशांवर मार्क टूचाच माथा राहिला. त्याच्या दट्ट्यावर आता रबराची वाटी असते. ती बदलायची तर अजूनही सगळा नळ उपसावा लागतो.